पट्ट्यातला तिसरा जीव

बॅलिनवारा, गॉलवे
३ नोव्हेंबर १८२६

सर हर्क्युलिस पर्डन, मुक्काम बाथ, यांस त्यांच्या पत्नीचं उत्तर.

तुमचं पत्र पोचलं. बाथच्या गरम पाण्याने तुमचा गुडघा सुधारतो आहे हे वाचून बरं वाटलं. पत्राचा पहिला अर्धा भाग गुडघ्याबद्दल होता आणि दुसऱ्या अर्ध्यात तुम्ही माझ्या बहिणीला मारून टाकलंत, म्हणून गुडघ्याचं आधी लिहिलं.

तुमचे वकील म्हणतात, माणूस समुद्रापलीकडे जाऊन सात वर्षं झाली आणि त्याची काही खबर आली नाही, की कायदा त्याला मेलेला धरतो. मिंटी जाऊन बारा वर्षं झाली. म्हणजे कायद्याने ती मेली, तिच्याबरोबर डेरीनरो गावच्या जमिनीचा भाडेपट्टा संपला, आणि येत्या जुलैच्या कोर्टात तुम्ही ते गाव रिकामं करून मागणार. मग तिथे स्कॉटलंडच्या मेंढ्या येणार. मेंढ्यांबद्दल तुम्ही फारच आपुलकीने लिहिलं आहे.

तुम्ही इथे सलग एक हिवाळाही काढलेला नाही, तेव्हा हा पट्टा कसा झाला ते तुम्हाला ठाऊक नसेल. मलाही नव्हतं. काल कोलमन मॅनियनला बोलावून विचारलं. डेरीनरोच्या कुळांचा तो म्होरक्या. टोपी हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "बाईसाहेब, पट्टा तीन जिवांचा. तिघांतला एक जरी जगत असला तरी जमीन आमची. पहिलं नाव राजाच्या एका पोराचं घातलं. म्हटलं, राजवाड्यात कोण मरतंय लवकर. तो खाऊन खाऊन गेला. दुसरा माझा भाऊ, तो तळ्यात बुडाला. तिसऱ्या नावाला मात्र आम्ही डोकं लावलं होतं."

"काय डोकं लावलंत?"

"तुमच्या वडलांचं तान्हं पोर घातलं. आमची नूलाच तिला पाजायची, पोरीचा जोर आम्ही बघितला होता. आणि बापाला पोटच्या पोरीचं मरण कधी सोयीचं वाटणार नाही, असा विचार केला."

"मग चुकलं कुठे?"

"आमच्यातलं पोर घातलं असतं तर ते जगलं का मेलं, रोज दारात दिसलं असतं. बड्या घरची माणसं गावात राहत नाहीत, हे काही आमच्या ध्यानात आलं नाही."

मी तुमच्या वतीने खिडकीबाहेर बघितलं.

बाकी तुमचा हुकूम कळला. चर्चच्या भिंतीत मिंटीच्या नावाची संगमरवरी स्मृतिशिला बसवायची, म्हणजे घरच्यांनीच ती गेली असं मानलं आहे हे कोर्टाला दिसेल. आणि शिला नीट बसते की नाही हे बघायला तुमच्या मातोश्री येणार. येऊ देत. पाथरवटाला निरोप धाडते.

मी काळं नेसायला लागले का, असं विचारलं आहे तुम्ही. नाही. मिंटी लग्नाच्या आठवडाभर आधी दारूच्या व्यापाऱ्याच्या मुलाबरोबर, त्या डॉमिनिकबरोबर, स्पेनमध्ये कादिझला पळाली, तेव्हा तिच्या लग्नाचा पोशाख कमरेत उसवून मला घातला गेला आणि तुमच्याशेजारी उभं केलं गेलं. पर्डनांची इस्टेट पुतण्याकडे, म्हणजे तुमच्याकडे, जाणार, तर निदान एक मुलगी तरी घरात राहावी, एवढाच वडलांचा विचार होता. तिच्या वाटणीचं एवढं सगळं नेसून झाल्यावर तिचं सुतक आता इतक्यात नको.

ऑनोरिया


बॅलिनवारा
१९ जानेवारी १८२७

सर हर्क्युलिस,

स्मृतिशिला अजून बसलेली नाही. पाथरवटाची छाती धरली आहे. त्याआधी दगड वाटेत भंगला, त्याच्याआधी रस्त्यावर पाणी होतं. पुढच्या महिन्यात काय होईल ते मी अजून ठरवलेलं नाही. म्हणजे सांगता येत नाही.

तुमच्या मातोश्री सुखरूप पोचल्या. चहा पाणचट आहे, बटाटे फार आहेत, आणि मी पाठीला पोक काढून बसते, असं त्यांचं म्हणणं आहे. मिंटीचं तुमच्याशी ठरलं होतं तेव्हा त्यांनी तिला वळण लावायला दोन वर्षं इथे मुक्काम ठोकला होता, आठवतं ना? त्या खोलीत आता त्या पुन्हा राहतात. काल जेवताना म्हणाल्या, "तुझ्या बहिणीचे केस लाल होते, म्हणून ती पळाली. लाल केसांच्या मुलींना थारा नसतो."

मी म्हटलं, "सासूबाई, ती माणसासाठी पळाली."

"तो तर नुसतं निमित्त," असं म्हणून त्यांनी भाजलेल्या बदकाचा दुसरा तुकडा वाढून घेतला.

तुमचे कारभारी मिस्टर टॉमलिन साखळी घेऊन डेरीनरोची मोजणी करतात. घरं तशीच उभी आहेत, माणसं आत आहेत, चुलीतला धूर वर चाललाय, आणि हे कुंपण कुठून घालायचं त्याच्या खुणा मारताहेत. बायका दारात उभ्या राहून बघतात. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुम्ही विचारलं आहे की गॉलवेच्या बंदरातून कादिझला जाणाऱ्या जहाजाच्या कप्तानाशी मी काय बोलत होते. मी तिकडची शेरी दारू मागवली. तुम्हाला आवडते म्हणून. तिकडे पिवळ्या तापाची साथ येऊन गेली असं तो म्हणाला, रस्तेच्या रस्ते रिकामे झाले म्हणे. शेरी मिळायला त्यामुळे अडचण येईल का, एवढंच मी विचारत होते.

त्यानंतर नूला आली होती, मिंटीची दाई. आता डोळ्यांनी अधू झाली आहे. स्वयंपाकघरात शेगडीपाशी बसली आणि म्हणाली, "पोरगी मेली असती तर मला इथं कळलं असतं," आणि छातीवर हात ठेवला. मी हसले. म्हटलं, "नूला, असं काही कळत नसतं."

"तुम्हाला नसेल कळत. तुम्ही कुणाला पाजलंय कुठं?"

हे तिने वाईट मनाने म्हटलं नाही. आपल्याला मूल नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण त्या रात्री मला झोप लागली ती तिच्याच बोलण्यावर, हे लिहायला हरकत नाही.

मला भीती वाटते, सर हर्क्युलिस. तुम्हाला लिहिण्यासारखं हे नाही, पण लिहायला दुसरं कुणी नाही. वडलांनी तिचं नाव घ्यायला बंदी केली आणि मी ते नाव इतकी वर्षं मनातच म्हणत आले. आता ते दगडावर लिहून चर्चात लावायचं, आणि आधी कुणी मोठ्याने उच्चारायचंही नाही?

ऑनोरिया


बॅलिनवारा
६ एप्रिल १८२७

सर हर्क्युलिस,

मिंटी जिवंत आहे.

शेरीबरोबर तिचं पत्र आलं. म्हणजे शेरी आलीच नाही, फक्त पत्र आलं. मी ते जिन्यावर उभी राहून वाचलं आणि मग पायरीवरच बसले. मातोश्री वरून विचारत होत्या की कोण पडलं. मी म्हटलं, कुणी नाही, सासूबाई, मी बसलेय. आज मी दोन अंडी खाल्ली, पाथरवटाला घरी पाठवलं (छाती बरी झाल्यामुळे तो येऊन बसला होता) आणि बागेत जाऊन उगीचच एक मोठी फेरी मारली. पाऊस होता. काही बिघडलं नाही.

तुम्हाला तिच्या पत्रातलं थोडं उतरवून पाठवते:

"नोरी, मी पहिली पाच वर्षं पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. वडील आगीत टाकत असतील असं डॉमिनिक म्हणायचा, पण मला वाटलं तूच रागावलीस, कारण हर्क्युलिस तुझ्या गळ्यात पडला. वडील गेले हेही मला तुझ्या पत्रातून कळलं. मी मेले असं तुम्ही सगळे धरून चालला होतात तर निदान कुणी रडायचं तरी होतं, माझ्यापर्यंत पोचलं असतं. ताप मला आला होता. केस सगळे गेले, मी राहिले. नंतर उगवले ते पांढरे उगवले. दोन मुलं आहेत, थोरलीचं नाव तुझं ठेवलंय, आणि ती तुझ्यासारखीच सगळ्यांच्या चुका काढते."

गळ्यात पडण्याबद्दलचं वाक्य मी गाळणार होते, पण मग म्हटलं, नवऱ्यापासून काय लपवायचं.

तेव्हा आता दावा मागे घ्या. पट्ट्यातला तिसरा जीव जगतो आहे, चांगला धडधाकट आहे आणि तिखट बोलतो आहे. मेंढ्यांना दुसरीकडे कुठेतरी जागा बघा. मी कोलमनला अजून सांगितलेलं नाही, तुमचं उत्तर येईपर्यंत थांबते आहे. तुम्ही स्वतः सांगितलंत असं म्हणायला मला आवडेल. इथल्या लोकांनी तुमच्या तोंडची एकही चांगली बातमी अजून ऐकलेली नाही.

तुमची
ऑनोरिया


बॅलिनवारा
२ जुलै १८२७

सर हर्क्युलिस,

तुमचं उत्तर मिळालं, ते तुमच्या वकिलाच्या अक्षरात आहे. पत्र कुणीही लिहू शकतं, असं ते म्हणतात. बाईला कोर्टात हजर करा. आणि हजर केली तरी ती स्पेनहून आलेली कुणी भलतीच पांढऱ्या केसांची बाई नाही कशावरून? ओळख कोण पटवणार? बायकोला नवऱ्याच्या दाव्यात साक्ष देता येत नाही, म्हणजे मी बाद. जमीन ज्यांची जाणार त्या कुळांची साक्ष चालत नाही, म्हणजे कोलमन बाद, आणि दूध पाजणारी नूलाही बाद. जुने पाद्रीबाबा गेले, जुने नोकर गेले, मिस्टर टॉमलिन नवे. तिला ओळखणारी सगळी माणसं एक तर मातीत आहेत, नाही तर कुळं आहेत, नाही तर मी आहे. हे सगळं वकिलांनी फार सुबक मांडलं आहे. तुमचा गुडघा बरा असताना तुम्ही हे वाचलं असेल तर तुम्हालाही थोडी लाज वाटली असेल, अशी मी आशा करते.

तुमच्या बाजूने साक्षीला तुमच्या मातोश्री उभ्या राहणार, असं कळलं. पर्डन घराण्याची ज्येष्ठ बाई म्हणेल की आम्ही तिला केव्हाच गेलेली मानली, आणि ही बाई ती नव्हे. मी त्यांना विचारलं, "सासूबाई, तुम्ही बघितलंत का तिला?"

"बघायचं काय त्यात? माझ्या मुलाला मांडवात टाकून गेली त्या दिवशीच ती मेली."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं माझ्या ऐकिवात नाही, आणि तुम्ही बाथला राहता त्याचं निम्मं कारण तेच असावं.

परवा मी गॉलवेला गेले होते, हातमोजे घ्यायला. धक्क्यावर बराच वेळ थांबावं लागलं. समुद्राचा वारा डोळ्यांना फार लागतो, परत येईपर्यंत डोळे लाल होते. हातमोजे घ्यायचे राहूनच गेले. पण मी खूष आहे, इतकी खूष की दुकानदाराच्या बायकोला मिठी मारायचीच बाकी होती. तुम्ही काही काळजी करू नका.

जाता जाता एक विचारते. तुम्ही स्वतः का येत नाही कोर्टाला? तुम्ही तिला ओळखलं असतं. तिच्याशी तुमचं लग्न होणार होतं. का तेच नको आहे?

ऑनोरिया


बॅलिनवारा
२९ जुलै १८२७

सर हर्क्युलिस,

वकिलाचं पत्र तुम्हाला याच्याआधी पोचलं असेल. त्यात निकाल असेल, पण कसा लागला ते नसेल, कारण ते लिहिताना त्याला बरं वाटलं नसतं. मी लिहिते.

कोर्ट खच्चून भरलं होतं. डेरीनरोची माणसं पहाटेपासून चालत आली होती, नूलाला गाढवाच्या गाडीत घालून आणलं होतं. मला मागे बसवलं, तोंड उघडायचं नाही या अटीवर. मिंटी पुढे बसली होती. उन्हाने रापलेली, जाड झालेली, डोक्यावर पांढरे केस, अंगावर स्पॅनिश काळी शाल. खरं सांगते, मी तिला धक्क्यावर बघितलं नसतं तर मलाही क्षणभर शंका आली असती. तुमचा वकील मात्र तिला बघून खूष झाला. त्याने ज्यूरीला तिच्याकडे बोट करून दाखवलं आणि विचारलं, लाल केसांची, सडपातळ मुलगी इथून गेली होती, ही तीच दिसते का? ज्यूरीतल्या माना हलल्या. कोलमनने टोपी इतकी पिळली की पुन्हा ती डोक्यावर बसायची नाही.

मग मातोश्रींना बोलावलं. त्या साक्षीच्या पिंजऱ्यात चढून बसल्या, बायबलवर हात ठेवला, भिंग डोळ्याला लावलं.

"लेडी पर्डन, या बाईंना आपण ओळखता?"

"मी जिला वळण लावलं तिचे केस लाल होते," मातोश्री म्हणाल्या. "ती ताठ बसायची. मी शिकवलं होतं. ही बाई पोतं टाकल्यासारखी बसली आहे."

"म्हणजे ही अरामिंटा पर्डन नव्हे?"

"त्या मुलीला इतकं शिकवूनही एक खोड गेली नव्हती. बसली की पायातला बूट काढायची आणि..." एवढं बोलून त्या थांबल्या. भिंग खाली गेलं. मिंटीने, बहुतेक घाबरून, मेजाखाली डावा बूट काढला होता आणि पाय दुसऱ्या पायावर चोळत बसली होती. तिला स्वतःला पत्ताही नव्हता.

मातोश्रींनी हातातली काठी कठड्यावर आपटली. "मिंटी, बूट घाल."

आणि मिंटी म्हणाली, "हो, लेडी पर्डन," आणि तिने बूट घातला.

मग मागे कुणीतरी हसलं, मग सगळेच. जज्जसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला होता. ते म्हणाले, "बाईसाहेब, शपथेवर पुन्हा विचारतो. आपण आत्ता कुणाला बूट घालायला सांगितलंत?" मातोश्रींनी तुमच्या वकिलाकडे बघितलं, मग मिंटीकडे बघितलं, आणि आयुष्यभर कधी वापरला नाही अशा हळू आवाजात म्हणाल्या, "अरामिंटाला. दुसऱ्या कुणाला सांगणार?"

ज्यूरी उठून बाहेरही गेली नाही, जागेवरच निकाल कुळांच्या बाजूने दिला.

घरी येताना गाडीत मातोश्री आणि मी, दोघीच होतो. मग म्हणाल्या, "हर्क्युलिसला कळव, मी चुकून बोलले." मी म्हटलं, "बरं, सासूबाई." थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या पोरीला ताप आला होता म्हणे. तिला सूप कोण करून घालत होतं?" त्यांच्या सांगण्यावरून कळवते की त्या चुकून बोलल्या.

सर हर्क्युलिस, मला तुमच्यावर रागवायलाही जमत नाहीये. इतकं हलकं वाटतं आहे. अंगणात नूलाने मिंटीचा चेहरा हातांनी चाचपला, कपाळ, कान, हनुवटी, आणि म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" ती माझ्याकडे तोंड करून बोलत होती. मी म्हटलं, हो, म्हटलं होतंस.

ऑनोरिया


बॅलिनवारा
११ ऑगस्ट १८२७

सर हर्क्युलिस,

मिंटी अजून इथेच आहे आणि तिचे हाल चालले आहेत. डेरीनरोतलं एक घर असं नाही की जिथून तिच्यासाठी अंडी, लोणी नाही तर लोकरीचे मोजे आले नाहीत. तिला शिंक आली तर दुपारपर्यंत गावभर होतं. काल ती कुंपणावर चढून पलीकडे जाणार होती, तर कोलमन धावत आला. "उतरा आधी, बाई. पडलात तर आम्ही सगळे पडू." दोन बायकांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. मिंटी मला म्हणाली, "नोरी, मी जगावं असं इतक्या लोकांना वाटायला लागलंय की मला रात्री खोकायची चोरी झाली आहे." आम्ही दोघी इतक्या हसलो की मातोश्री चौकशीला आल्या, आणि मग त्याही बसल्या.

मला पहिल्यांदा नुसती गंमत वाटली. नंतर मनात आलं, आपण जिवंत असण्याचं कुणाला एवढं अगत्य असावं हे केवढं मोठं आहे. माझ्या जगण्यावर काय अवलंबून आहे ते मी शोधून बघितलं. तुमचा पत्रव्यवहार, एवढंच निघालं.

ती शरदातल्या वादळांच्या आधी निघणार. डॉमिनिक वाट बघतो आहे. तिने नीट राहावं आणि दरवर्षी वकिलातीत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला इकडे पाठवावा, हे कुणीतरी बघायला पाहिजे. तिच्यावर सोडलं तर ती विसरेल, ती तशीच आहे. कोलमनने मला विचारलं, "बाईसाहेब, तिकडे आमचं माणूस कोण?" मी म्हटलं, मी.

तेव्हा मी तिच्याबरोबर जाते आहे. किती दिवसांसाठी ते अजून विचारलेलं नाही, तुम्ही बाथला गेलात तेव्हा मीही विचारलं नव्हतं. किल्ल्या मातोश्रींकडे दिल्या आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी मिस्टर टॉमलिन यांना साखळी गुंडाळून ठेवायला लावली, कारण चिखलाचे पाय घेऊन ते दिवाणखान्यात आले होते. इस्टेटीची तुम्हाला काळजी वाटत असेल तर येऊन राहा. पावसात वरच्या मजल्यावर उत्तरेच्या खोलीत गळतं, तिथे घमेलं ठेवायचं असतं. कुणाच्या घरात आजारी माणूस आहे ते नूला सांगेल. बाकीचं हळूहळू कळतं.

तुमच्याबद्दल माझ्या मनात वाईट नाही. बारा वर्षं आपण एकमेकांना सभ्य पत्रं लिहिली, हेही काही थोडं नाही. एकत्र राहिलो असतो तर एवढंही साधलं नसतं.

सामान गाडीवर चढलं आहे. अंगणात सगळं डेरीनरो उभं आहे आणि गाडीवान ओरडतो आहे की भरती थांबणार नाही. मिंटी जिन्याखाली उभी राहून मला हाका मारते आहे, "नोरी, अगं नोरी," असं भर घरात, वडलांच्या तसबिरीसमोर, पूर्ण आवाजात. तिला ओ द्यायची आहे, म्हणून इथेच थांबते.

नोरी